परवा सबमिशन आहे आणि पेपर एपीएमध्ये बसवायचाय: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर वर्गाचा १२ पानांचा पेपर लिहून झालाय, संदर्भ २५च्या आसपास आहेत, हातात दोन दिवस आहेत आणि सूचनापत्रात फक्त "एपीए सातवी आवृत्ती" (म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनशैली) एवढंच लिहिलंय. रनिंग हेड (प्रत्येक पानाच्या वर येणारं पेपरचं छोटं शीर्षक) लागतं का? "प्रस्तावना" असं शीर्षक द्यायचं का? आणि संदर्भसूची ऑनलाइन जनरेटरकडून करून घेतली तर चालेल का?

तिन्हींची उत्तरं आधी देते, म्हणजे जीव भांड्यात पडेल. रनिंग हेड लागत नाही. विद्यार्थ्याच्या पेपरला पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात फक्त पान क्रमांक पुरतो, तोही टायटल पेजपासूनच. "प्रस्तावना" हे शीर्षक द्यायचं नाही. मजकुराच्या पहिल्या पानावर पेपरचं शीर्षकच पुन्हा ठळक अक्षरात मध्यभागी येतं आणि त्याखाली थेट लिहायला लागायचं. जनरेटर चालेल, पण त्याने दिलेली एकही नोंद डोळ्यांखालून घातल्याशिवाय पेपरात जाऊ देऊ नका. त्या शेवटच्या मुद्द्यावर मी पुढे बरंच बोलणार आहे, कारण गेली अनेक वर्षं विद्यार्थ्यांचे पेपर तपासताना सर्वांत जास्त लाल खुणा मी तिथेच केल्या आहेत.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. तुमच्या शिक्षकांनी किंवा विभागाने काही लेखी सूचना दिल्या असतील, तर त्या मॅन्युअलच्या वरच्या. हे मी पदरचं सांगत नाही, एपीएचं मॅन्युअलच तसं सांगतं. सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली आणि तिने विद्यार्थ्याचा पेपर आणि नियतकालिकाला पाठवायचा पेपर अशी विभागणी केली. त्याआधीची सहावी आवृत्ती २००९ची. तिच्यात रनिंग हेड सगळ्यांनाच होतं, आणि टायटल पेजवर तर "रनिंग हेड" हे शब्दसुद्धा छापावे लागत. इंटरनेटवर त्या काळातली पानं अजून भरपूर आहेत. तुमचा गोंधळ झालाय तो त्यामुळे. एखादा नियम वाचलात की तो कोणत्या आवृत्तीचा आहे हे आधी बघा. मॅन्युअल ग्रंथालयात असेल तर चारशेहून जास्त पानं बघून घाबरू नका. तुम्हाला दुसरं, आठवं, नववं आणि दहावं प्रकरण लागेल. नमुन्याचा विद्यार्थी पेपर एपीएच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो, तो शेजारी उघडून ठेवा.

आता काम. मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर हात चालवा.

पानाची मांडणी ही पाऊण तासाची गोष्ट आहे, पण ती स्टाइल्समधून केली तरच. बहुतेक जण प्रत्येक परिच्छेद निवडून त्याला वेगळं अंतर देतात, स्पेसबार दाबून ओळ आत सरकवतात, नवं पान हवं म्हणून एंटर मारत खाली जातात. मग मध्ये एक वाक्य वाढलं की सगळं घसरतं. वर्डमध्ये "नॉर्मल" ही स्टाइल एकदाच बदला: फॉन्ट टाइम्स न्यू रोमन १२ किंवा कॅलिब्री ११ किंवा एरियल ११ किंवा जॉर्जिया ११, ओळींमधलं अंतर दुप्पट, परिच्छेदाच्या आधी आणि नंतर शून्य, मजकूर डावीकडे जुळवलेला, पहिली ओळ १.२७ सेंटिमीटर आत. मार्जिन चारही बाजूंनी २.५४ सेंटिमीटर. "परिच्छेदानंतर शून्य" हे मुद्दाम सांगते, कारण वर्डच्या मूळ सेटिंगमध्ये तिथे ८ पॉइंट असतात आणि दुप्पट अंतर दिल्यावरही परिच्छेदांमध्ये ती जास्तीची फट राहते. उजवी कड सरळ करण्याचा मोह होईल, तो आवरा. दोन्ही बाजूंनी ताणलेल्या मजकुरात शब्दांमधल्या जागा कमीजास्त होतात आणि वाचताना डोळा अडखळतो. उजवीकडे ओळी लहानमोठ्या राहिल्या तर राहू द्या, एपीएला त्याच हव्या आहेत.

हे झालं की ¶ चिन्हाचं बटण दाबून अदृश्य खुणा दाखवायला सांगा. रिकामे परिच्छेद, हाताने दिलेले टॅब, पूर्णविरामानंतरच्या दोन-दोन जागा सगळं उघडं पडेल. दोन परिच्छेदखुणा शोधून त्यांच्या जागी एक घाला, दोन जागा शोधून एक घाला. पूर्णविरामानंतर एकच जागा, हा सातव्या आवृत्तीचा नियम आहे. संदर्भसूची नव्या पानावर आणायची तर पेज ब्रेक द्या.

टायटल पेज सोपं आहे. वरच्या मार्जिनपासून तीन-चार ओळी खाली पेपरचं शीर्षक, ठळक, मध्यभागी. त्याखाली एक दुप्पट अंतराची रिकामी ओळ. मग क्रमाने तुमचं नाव, विभाग आणि संस्था, विषयाचा क्रमांक आणि नाव, शिक्षकांचं नाव, सबमिशनची तारीख, सगळं साध्या अक्षरात आणि मध्यभागी. बोधचिन्ह, चौकट, सुशोभित फॉन्ट यांतलं काही नको. गोषवारा शिक्षकांनी मागितला असेल तरच द्या. दिलात तर स्वतंत्र पानावर, एकाच परिच्छेदात, २५० शब्दांच्या आत.

शीर्षकांच्या पाच पातळ्या असतात, पण १२ पानांच्या पेपरला दोन पुरतात, फार तर तीन. पहिली पातळी ठळक आणि मध्यभागी, दुसरी ठळक आणि डावीकडे, तिसरी ठळक, तिरकी आणि डावीकडे. शीर्षकांना १, १.१ असे आकडे द्यायचे नाहीत. एखाद्या विभागात एकच उपशीर्षक येत असेल तर ते काढा. पोटविभाग करायचे तर किमान दोन हवेत. वर्डमधल्या "हेडिंग १" आणि "हेडिंग २" या स्टाइल्स बदलून वापरल्यात तर आणखी एक लाभ होतो. नॅव्हिगेशनची पट्टी उघडली की पेपरचा सगळा सांगाडा एका नजरेत दिसतो. मी तर कुणाचाही पेपर हातात आला की आधी ती पट्टी उघडते. शीर्षकं ओळीने वाचल्यावर युक्तिवाद कळत नसेल, तर अडचण मांडणीत नसून लिखाणात असते, आणि ती त्या पट्टीत लवकर दिसते.

इथवरचं सगळं पहिल्या दिवशी सकाळी उरकून टाका. उरलेला वेळ उल्लेख आणि संदर्भसूचीला द्या. मार्जिन पाव इंच चुकलं तर वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. संदर्भ चुकला तर तुम्ही केलेलं विधान त्याला पडताळून बघताच येत नाही. १९२९ साली अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ आणि व्यवसाय व्यवस्थापक एकत्र बसले आणि "सायकॉलॉजिकल बुलेटिन"मध्ये सात पानांच्या सूचना छापून आल्या, तिथून ही शैली सुरू झाली. वैज्ञानिक लेखन वाचणाऱ्याला समजायला सोपं जावं, हा तेव्हाचा हेतू होता. दुप्पट अंतर, शीर्षकं, कंसातलं नाव आणि वर्ष, हे सगळं त्या वाचणाऱ्यासाठी आहे.

एक अनुभव सांगते. एका पेपराचा सगळा डोलारा एका टक्केवारीवर उभा होता. कंसात नाव होतं, वर्ष होतं, सूचीत नोंदही अगदी बिनचूक होती. मी तो लेख उघडला. टक्केवारी होती, पण त्या लेखकाने ती दुसऱ्या एका अहवालातून घेतलेली होती, आणि अहवाल काढून बघितला तर ती भलत्याच वयोगटाबद्दल निघाली. विद्यार्थिनी प्रामाणिक होती, तिने फक्त मूळ अहवाल उघडला नव्हता. मूळ स्रोत मिळत असेल तर तोच वाचा आणि त्याचाच उल्लेख करा. मिळतच नसेल, तर मजकुरात मूळ लेखकाचं नाव देऊन "अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे" या अर्थाचा एपीएचा वाक्प्रयोग वापरा आणि सूचीत मात्र तुम्ही खरोखर वाचलेला दुय्यम स्रोत द्या. न वाचलेली गोष्ट वाचल्यासारखी दाखवायची नाही, असा त्या नियमाचा साधा अर्थ आहे.

मजकुरातल्या उल्लेखांचे नियम मोजके आहेत. एक लेखक असेल तर आडनाव आणि वर्ष. दोन असतील तर प्रत्येक वेळी दोघांची आडनावं; कंसात असतील तर मध्ये & हे चिन्ह, वाक्याच्या ओघात असतील तर "अँड" हा शब्द. तीन किंवा जास्त असतील तर पहिल्याच उल्लेखापासून पहिल्याचं आडनाव आणि "एट ॲल." (म्हणजे "आणि इतर"). सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असले तर पहिल्या वेळी सगळ्यांची नावं लिहावी लागत, ते आता गेलं. एकाच कंसात दोन-तीन स्रोत द्यायचे तर ते वर्णक्रमाने लावा आणि मध्ये अर्धविराम द्या. एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन कामं असतील तर वर्षाला ए, बी अशी अक्षरं लागतात, आणि तीच अक्षरं सूचीतही लागतात. विसरतात ते हे दुसरं.

शब्दशः उतारा घेतलात तर पान क्रमांक द्यायलाच हवा. पानं नसलेल्या वेबपानावरून घेतला असेल तर परिच्छेद मोजून त्याचा क्रमांक द्या. उतारा ४० शब्दांचा किंवा त्याहून मोठा असेल तर अवतरणचिन्हं काढून तो वेगळ्या ठोकळ्यात ठेवायचा: सगळा ठोकळा १.२७ सेंटिमीटर आत, अंतर दुप्पटच, आधी पूर्णविराम आणि मग कंसातला उल्लेख. विद्यार्थ्यांच्या पेपरात असे ठोकळे मला नकोसे होतात. १२ पानांत एखादा असला तर ठीक. तीन-चार झाले की तुमचा आवाजच ऐकू येत नाही. तेच स्वतःच्या शब्दांत मांडा आणि उल्लेख करा.

आता सूची. एक खरी नोंद घेऊन दाखवते. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख:

वॉटसन, जे. डी., & क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक ॲसिड्स: अ स्ट्रक्चर फॉर डीऑक्सिरायबोज न्यूक्लिइक ॲसिड. नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८.

इंग्रजीत ही नोंद करताना पाच जागी चूक होऊ शकते. लेखाच्या शीर्षकात फक्त पहिला शब्द, विशेषनामं आणि अपूर्णविरामानंतरचा पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. बाकी सगळं लहान. नियतकालिकाचं नाव मात्र सगळ्या प्रमुख शब्दांना मोठं अक्षर देऊन, आणि तिरकं. खंड क्रमांकही तिरका. त्याला चिकटून कंसात आलेला अंक क्रमांक तिरका नाही, आणि मध्ये जागाही नाही. पानांच्या मध्ये साधी हायफन न देता तिच्यापेक्षा लांब रेघ द्यायची. शेवटी डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो पूर्ण दुव्याच्या रूपात (वरच्या नोंदीत तो मी गाळलाय), आणि दुव्यानंतर पूर्णविराम नाही. "डीओआय" असं लिहून पुढे आकडा, ही जुनी पद्धत.

जनरेटर नेमका यातच फसतो. त्याला काही कळत नसतं. डेटाबेसमध्ये जे भरलंय ते तो ओळीत लावतो. तिथे शीर्षक सगळं मोठ्या अक्षरात असेल तर तुमच्या सूचीतही तसंच येतं. संस्थेचं नाव लेखकाच्या रकान्यात असेल तर शेवटचा शब्द आडनाव समजून संस्थेची मोडतोड होते. अंक क्रमांक नसेल तर तो गाळून नोंद पूर्ण झाल्यासारखी दिसते. झोटेरोसारखं संदर्भ साठवून ठेवणारं साधन वापरत असाल तर शीर्षकं तिथेच वाक्याच्या पद्धतीने, लहान अक्षरांत दुरुस्त करून ठेवा. एपीएखेरीज दुसरी शैली लागली तर साधन ती मोठी करून देतं, पण मोठ्याची लहान त्याला नीट जमत नाही, कारण विशेषनाम कोणतं हे त्याला ओळखता येत नाही.

संभाषण करणाऱ्या एआयकडून संदर्भ घेतले असतील तर हात जोडून सांगते, प्रत्येक डीओआय उघडून बघा. अस्तित्वात नसलेल्या लेखांच्या नोंदी ही साधनं अगदी बिनचूक मांडणीत देतात. खरे लेखक, खरं नियतकालिक, आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही. अशी एक नोंद सापडली की तपासणारा बाकीच्या २४ नोंदींवरही विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं चुकतही नाही.

सूचीबद्दल आणखी थोडं. २० लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं लिहायची. त्याहून जास्त असतील तर पहिली १९, मग तीन टिंबं, मग शेवटचं नाव. पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशकाचं गाव आता नको. वेबपानाला "अमुक तारखेला पाहिलं" हे फक्त मजकूर सतत बदलत असेल आणि त्याची जतन केलेली प्रत नसेल तेव्हाच. हँगिंग इंडेंट (नोंदीची पहिली ओळ कडेला, पुढच्या ओळी आत) १.२७ सेंटिमीटर, तोही परिच्छेदाच्या सेटिंगमधून. दुसऱ्या ओळीला टॅब मारून नव्हे. खासगी ईमेल किंवा मुलाखत यांचा उल्लेख मजकुरात येतो, सूचीत येत नाही, कारण वाचणाऱ्याला ती मिळवता येणार नसते.

इंग्रजी पेपरात मराठी पुस्तक किंवा लेख आला तर त्याचं शीर्षक रोमन लिपीत लिहायचं आणि पुढे चौकोनी कंसात इंग्रजी भाषांतर द्यायचं. लेखकाच्या आडनावाचं जे स्पेलिंग एकदा धरलंत तेच मजकुरात आणि सूचीत ठेवा. एका अक्षराचा फरक पडला तरी क्रम बदलतो आणि नोंद सापडत नाही. पेपरच मराठीत असेल, तर एपीए मुळात इंग्रजीसाठी घडलेली आहे हे लक्षात घेऊन "आणि", "व इतर", संदर्भांचा देवनागरी वर्णक्रम या गोष्टी शिक्षकांना विचारून ठरवा आणि शेवटपर्यंत त्याच पाळा. अशा वेळी मंगल फॉन्टमध्ये दुप्पट अंतर दिलंत तर ओळी एकमेकींपासून फारच लांब पडतात. तिथे ओळींमधलं अंतर "एक्झॅक्टली" निवडून पॉइंटमध्ये दिलेलं बरं.

तक्ते आणि आकृत्या असतील तर: वर ठळक अक्षरात क्रमांक, खालच्या ओळीत तिरक्या अक्षरात नाव, तक्त्यात उभ्या रेघा नाहीत, टीप खाली. मजकुरात "खालील तक्ता" न म्हणता "तक्ता १" म्हणा. आकड्यांचं म्हणाल तर इंग्रजी मजकुरात दहाच्या खालचे शब्दात, १० आणि पुढचे अंकात. मोजमापं, वयं आणि टक्केवारी मात्र नेहमी अंकात.

सूचनापत्रात एपीएऐवजी "हार्वर्ड" ही दुसरी शैली लिहिलेली असती तर मी तुम्हाला आधी शिक्षकांकडे पाठवलं असतं, कारण त्या नावाचं एकच अधिकृत मॅन्युअल नाही. प्रत्येक संस्थेचं आपापलं पत्रक असतं. "शिकागो" शैली असती तर तळटीपांची पद्धत की नाव-वर्षाची, हे विचारावं लागलं असतं, कारण त्यात दोन्ही आहेत. एमएलए या आणखी एका शैलीत वेगळं टायटल पेज सहसा नसतंच. त्या मानाने "एपीए सातवी" एवढी ओळ म्हणजे बरीच माहिती आहे.

दुसऱ्या दिवशी संदर्भसूची छापून घ्या. स्क्रीनवर हे काम होत नाही, मी करून पाहिलंय. पेपरच्या फाइलमध्ये उघडणारा कंस शोधत पहिल्या पानापासून जा. प्रत्येक उल्लेख आला की कागदावर त्या नोंदीपुढे खूण करा, आडनावाचं स्पेलिंग आणि वर्ष जुळवा. कंसाबाहेर, वाक्यात आलेली नावं शोधात सापडणार नाहीत, त्यासाठी एकदा सलग वाचा. शेवटी ज्या नोंदीपुढे खूण नाही ती सूचीतून काढा, आणि ज्या उल्लेखाला नोंद नाही ती शोधून घाला. २५ नोंदींत दोन-तीन तरी निघतातच. हे सगळ्यांचं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग त्याच कागदावर दुसरी फेरी, फक्त मांडणीसाठी: तिरकी अक्षरं, लहान-मोठी अक्षरं, अंक क्रमांक, डीओआय. दोन्ही गोष्टी एका फेरीत बघू नका, एक तरी सुटते.

त्यानंतर पीडीएफ काढा आणि ती फाइल दुसऱ्या एखाद्या संगणकावर किंवा फोनवर उघडून बघा: टायटल पेजवर १ आकडा आहे ना, एखादं शीर्षक पानाच्या तळाशी एकटं तर राहिलं नाही ना, सूची नव्या पानावर सुरू होते ना, सूचीतले दुवे दाबल्यावर खरंच त्या लेखावर जातात ना. रनिंग हेडबद्दल मनात अजूनही शंका असेल तर आजच शिक्षकांना दोन ओळींचा ईमेल टाका, उद्या संध्याकाळी नको.